'व्हायरस आलाय' म्हणजे नेमकं काय आलंय?

आमच्या हॉस्टेलमध्ये दुखण्याला दोनच नावं आहेत. माणसाला 'व्हायरल' आणि कॉम्प्युटरला 'व्हायरस'. लॅपटॉप स्लो झाला, व्हायरस. पेन ड्राइव्ह उघडत नाही, व्हायरस. सबमिशनच्या आदल्या रात्री रिपोर्टची फाइल गायब झाली तर हमखास व्हायरस. (मागच्या सेमिस्टरला एकीचं जर्नलही व्हायरसने खाल्लं होतं, आणि ते हाताने लिहायचं असतं!) औषधही सगळ्यांवर एकच. "फॉरमॅट मार."

आता आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी हा विषय आठवड्यातून मोजक्या तासांचा, आणि व्हरांड्यात मराठी बोललं तर दंड. त्यामुळे माझं मराठी मिसळीसारखं आहे, वरून इंग्रजीची तर्री. चालवून घ्या. शब्द अडला की मी आईला फोन करते. या लेखासाठी तिला विचारलं, "आई, मालवेअरला मराठीत काय म्हणतात गं?" ती म्हणाली, "सगळे व्हायरसच म्हणतात की!"

तेच तर ना! त्रास देणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरचं आडनाव मालवेअर. व्हायरस हे त्या खानदानातलं एकच पोर. पण नाव त्याचंच सगळीकडे लागतं. तुम्ही म्हणाल, नावात काय आहे, एक्स्टर्नलने व्हायव्हाला विचारलं तर बघू. पण या एका शब्दापायी आमच्या मेसमधल्या काकूंचे १८,६०० रुपये गेले. ते पुढे सांगते. आधी या खानदानाची ओळख करून घेऊ.

अस्सल व्हायरस म्हणजे बांडगूळ. त्याला स्वतःचे पाय नसतात. तो दुसऱ्या प्रोग्रॅमला नाहीतर डिस्कच्या बूट सेक्टरला चिकटून बसतो, आणि तो प्रोग्रॅम आपण चालवला की हाही चालतो, आपल्या प्रती काढतो. १९८३ मध्ये अमेरिकेत फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने पीएच.डी. करताना असा प्रोग्रॅम लिहून दाखवला. त्याला 'व्हायरस' म्हणावं हे सुचवलं त्याच्या सरांनी, म्हणजे लेन ॲडलमन यांनी. आरएसए आपण सगळ्यांनी घोकलंय, त्यातला शेवटचा 'ए' तो हाच. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मात्र आपल्या शेजारचा. १९८६ सालचा 'ब्रेन', लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांचा. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून कॉप्या काढतात त्यांना धडा शिकवायचा म्हणून लिहिला, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे त्या कोडमध्ये त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर दिला होता! आजच्या चोरांना एवढी सभ्यता कुठली.

दुसरं पोर वर्म. याला शब्दशः मराठीत जंत म्हणावं लागेल. (आजीला सांगितलं तर ती कॉम्प्युटरला वावडिंग पाजायला सांगेल.) याला चिकटायला कुणी लागत नाही. नेटवर्कमधलं एखादं भोक सापडलं की हा स्वतःच्या पायांनी या मशीनवरून त्या मशीनवर जातो. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने असा एक वर्म सोडला. सोडला मात्र एमआयटीच्या मशीनवरून, म्हणजे आपल्यावर संशय नको. त्याचा अल्गोरिदम मला फार आवडतो. नव्या मशीनवर गेल्यावर वर्म विचारायचा, "इथे माझा भाऊ आधीच आहे का?" हो असं उत्तर आलं तर निघून जायचं. पण मॉरिसला वाटलं, ॲडमिन लोक मुद्दाम खोटं 'हो' म्हणायला लावतील. म्हणून सातातून एकदा उत्तर काहीही आलं तरी घुसायचंच, असं त्याने ठेवलं. सातातून एक हे प्रमाण फारच जास्त निघालं. एकेका मशीनवर डझनांनी वर्म बसले आणि सगळं ठप्प झालं. फाइल एकही डिलीट केली नव्हती त्याने! तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तो एमआयटीतच प्रोफेसर झाला. (हे वाक्य एचओडी सरांनी वाचू नये.)

आपल्याला रोज भेटणारा नातेवाईक म्हणजे पेन ड्राइव्हवाला. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून आलं की फोल्डर गायब आणि त्याच नावाचे शॉर्टकट हजर. दुकानाचं नाव घेत नाही, माझा रिपोर्ट अजून बाइंडिंगला द्यायचाय. याला सगळे शॉर्टकट व्हायरस म्हणतात, पण चाल वर्मची आहे. तो आपलं फोल्डर खात नाही, नुसतं लपवतो आणि त्याच्या जागी शॉर्टकट ठेवतो. आपण शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी तो स्वतः चालतो आणि मग सभ्यपणे आपलं फोल्डर उघडून देतो, म्हणजे शंका नको. समोरच्या खोलीतली एक मुलगी सहा महिन्यांचा मिनी प्रोजेक्ट असलेला पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायला निघाली होती, कारण 'व्हायरसने सगळं खाल्लं'. काही खाल्लं नव्हतं. कमांड प्रॉम्प्टवर ॲट्रिब कमांडने 'हिडन' आणि 'सिस्टिम' हे दोन शिक्के काढले की फोल्डर जिथल्या तिथे. त्यानंतर पेन ड्राइव्ह आणि ज्या लॅपटॉपला तो लावला होता तो, दोन्ही स्कॅन करायचे. नुसता पेन ड्राइव्ह साफ केला तर लॅपटॉप त्याला पुन्हा प्रसाद देतो.

आता तिसरा, ट्रोजन. इंग्रजी रीडरमध्ये आम्हाला ट्रॉयच्या घोड्याची गोष्ट होती. लाकडी घोडा, पोटात सैनिक, वेशीतून आत ओढला कुणी तर ट्रॉयच्याच लोकांनी. पण माझ्या मते आपल्याकडची गोष्ट जास्त चपखल बसते. साधूच्या वेशातला रावण. त्याला रेषा ओलांडता येत नव्हती, म्हणून त्याने सीतेलाच बाहेर यायला लावलं. ट्रोजन हुबेहूब हेच करतो. तो भिंत फोडत नाही, आपल्याकडून परवानगी घेतो. आणि गोष्टीतली सीता मूर्ख नव्हती, दारी आलेल्याला भिक्षा घालणं हा तिचा रिवाज होता. रावणाने पकडला तो तिचा रिवाज.

आमच्या काकू म्हणजे मेसमध्ये पोळ्या करतात त्या. कुणी जेवायला उशिरा आलं तर गरम पोळी बाजूला ठेवणाऱ्या. लग्नसराईत एका सोमवारी रात्री त्यांच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. नंबर सख्ख्या भावाचा. पत्रिका म्हणजे पीडीएफ नव्हती, नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे चक्क ॲप्लिकेशन. फोनने विचारलं, इन्स्टॉल करू का? मग विचारलं, मेसेज वाचायची परवानगी देता का? काकूंनी हो म्हटलं, पत्रिका बघायची होती ना. आत गणपती, सनईचा आवाज, आणि खाली 'वधूवरांस आहेर ११ रुपये' असं पान, कार्डाचे नंबर भरायला. मोठ्या पोराने मागे कधीतरी कार्डाने रिचार्ज कसा करायचा ते शिकवलं होतं, तसं त्यांनी भरलं. बस. कार्डाचा नंबर त्यांनी दिला, आणि येणारा ओटीपी ते ॲप परस्पर वाचून पुढे पाठवत होतं. बँकेचे मेसेजही लपवत होतं. रात्रीच तीन वेळा पैसे गेले, काकूंना पत्ता नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी मेसमध्ये सांगितलं, "फोन लई गरम व्हतोय, आनि कुनाचा मेसेज येईना झालाय." आणि आपल्या भावी इंजिनिअर मंडळींनी ताटावरून मान वर न करता निदान केलं. "काकू, व्हायरस आलाय. फॉरमॅट मारून घ्या." काकूंनी संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात ३०० रुपये देऊन फॉरमॅट मारून घेतला. नातवाच्या बारशाचे फोटो गेले, ती पत्रिका गेली, आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. गुरुवारी भिशीचा हप्ता काढायला त्या बँकेत गेल्या तेव्हा खात्यात २१२ रुपये होते.

मला हे गुरुवारी दुपारी कळलं, त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून. माझ्या फोनवरून १९३० ला तक्रार लावली. सायबर फसवणुकीसाठीची देशभराची हेल्पलाइन आहे ती. तिथे विचारलं, पैसे कधी गेले? सोमवारी रात्री. मग एवढा उशीर का? आता काय सांगणार! पुढच्या एका खात्यात ४,००० रुपये अडकवून ठेवता आले, बाकीचे तोवर तीन-चार खाती ओलांडून निघून गेले होते.

मंगळवारी सकाळी कुणी 'व्हायरस' न म्हणता एवढंच विचारलं असतं की काकू, काल काय उघडलं होतं आणि त्याने काय मागितलं होतं, तर? एसएमएसची परवानगी मागणारं ॲप म्हणजे त्याला ओटीपी हवाय, ओटीपी हवाय म्हणजे पैसे हवेत. मग पहिलं काम फोन एअरप्लेन मोडवर टाकणं, दुसरं काम दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद करणं आणि १९३० लावणं. पत्रिका आणि मेसेजेस पुरावा म्हणून तसेच ठेवायचे. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, फोटो काढून घेतल्यावर. फॉरमॅटने ॲप जातं, गेलेले पैसे परत येत नाहीत. कॉम्प्युटरच्या तापावर औषध चुकलं तर एक रात्र जाते. इथे दोन दिवस गेले, आणि महिन्यांची बचत.

सगळ्यात राग मला हसणाऱ्यांचा आला. "काकू, कशाला क्लिक करायचं?" काकू म्हणाल्या, "आगं पोरी, माझ्या भावाच्या नंबरवरनं आली म्हनून उघडली. भावाच्या घरची पत्रिका बघायची न्हाई व्हय?" बरोबरच आहे की. भावाच्या फोनमध्येही तेच ॲप घुसलं होतं आणि त्याने सगळ्या नंबरांना पत्रिका वाटली होती. म्हणजे बघा, आत शिरताना ट्रोजन, गावभर पसरताना वर्म, आणि आत बसून मेसेज वाचताना स्पायवेअर. टेक्स्टबुकमध्ये हे तीन वेगळे प्रकार म्हणून टेबल असतं आणि आपण ते पाच मार्कांसाठी पाठ करतो. प्रत्यक्षात एकच माल तीन कामं करतो. आत कसा आला, पसरतो कसा, करतो काय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि नावं त्यांच्या उत्तरांना दिलेली आहेत.

आणि हसणाऱ्यांसाठी आणखी एक. ४ मे २००० ला मनिलाहून 'आय लव्ह यू' नावाची ईमेल निघाली. सोबतच्या फाइलचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी', आणि त्यापुढे 'डॉट व्हीबीएस'. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे ती साधी टेक्स्ट फाइल दिसायची. उघडली की ती स्क्रिप्ट तुमच्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तुमच्या नावाने प्रेमपत्र पाठवायची. मोठमोठ्या ऑफिसांतल्या शिकलेल्या साहेबांनी ती उघडली. काकूंची पत्रिका आणि हे प्रेमपत्र यांत फरक काय सांगा! लिहिणारा ओनेल डी गुझमन हा कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी, इंटरनेटचे पासवर्ड चोरायचा त्याचा प्रोजेक्ट कॉलेजने नाकारला होता. तेव्हा फिलिपिन्समध्ये याविरुद्ध कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. आपला आयटी ॲक्ट त्याच वर्षीचा, २००० चा. त्याच्या कलम ४३ मध्ये 'कॉम्प्युटर कंटॅमिनंट' आणि 'कॉम्प्युटर व्हायरस' अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही सगळ्याला एकच नाव पुरलं नाही. अप्रामाणिकपणे असलं काही दुसऱ्याच्या मशीनमध्ये सोडलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत म्हणून रूममेटच्या लॅपटॉपमध्ये कीलॉगर टाकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

कीलॉगर म्हणजे काय ते सांगायला नकोच, आपण दाबलेलं प्रत्येक बटण लिहून ठेवणारा हेर. पण हॉस्टेलमध्ये आता त्याच्यापेक्षा जास्त आढळतो तो क्रॅकमधून येणारा चोर. महागडं डिझाइन सॉफ्टवेअर फुकट हवं असतं, सीनियरकडून झिप येते, आणि आत रीडमीमध्ये पहिली ओळ असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा'. चोराने आदल्या दिवशी पत्र पाठवून कुत्रा बांधून ठेवायला सांगावं आणि आपण साखळी शोधायला लागावं, तसं! आतला माल ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज एका दमात उचलतो आणि बऱ्याचदा लगेच स्वतःला पुसून टाकतो. सॉफ्टवेअर छान चालतं, स्कॅनमध्ये काही मिळत नाही, आणि आठ दिवसांनी तुमच्या इन्स्टावरून तुमच्या मामाकडे पैसे मागितले जातात. इथे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण कुकी म्हणजे आधीच आत आलेल्याचा पास. सगळ्या डिव्हाइसेसवरून लॉग आउट करा, तेही दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. आणि प्लीज, बऱ्याच कंपन्या विद्यार्थ्यांना फुकट लायसन्स देतात. कॉलेजचा ईमेल त्यासाठीच आहे, नुसता फीच्या नोटिसांसाठी नाही.

ॲडवेअर वगैरे मंडळींवर फार शाई घालवत नाही. ते चोर नव्हेत, पाहुणे म्हणून येऊन हलायचं नाव न घेणारे. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करताना खाली एक टिक असते, तिथून ते येतात. फक्त त्या जाहिरातींपासून सावध राहा ज्या म्हणतात, 'तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस सापडले'. तेही 'व्हायरस' हाच शब्द वापरतात बरं, कारण तो ऐकला की आपण विचार थांबवतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. आणि रूटकिट, म्हणजे सिस्टिमच्या मुळाशी बसून स्वतःला अदृश्य करणारा, हा फक्त गुन्हेगारच वापरतात असंही नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीज कॉपी होऊ नयेत म्हणून असाच प्रकार लोकांच्या पीसीत घालत होत्या. मार्क रुसिनोविच यांनी तो उघडकीला आणला आणि कंपनीला सीडीज परत घ्याव्या लागल्या.

राहिला रॅन्समवेअर, खंडणीखोर. फाइली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीचे पैसे मागायचे. हा धंदा जुना आहे. १९८९ मध्ये एड्सची माहिती म्हणून पोस्टाने फ्लॉप्या वाटल्या गेल्या आणि नंतर स्क्रीनवर मागणी आली, १८९ डॉलर पनामाच्या पोस्ट बॉक्सवर पाठवा. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' आला, तो खंडणीखोर अधिक वर्म. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने लोक 'रिमाइंड मी लेटर' दाबत बसले. तो थांबवला मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या मुलाने. कोडमध्ये दिसलेला एक विचित्र डोमेन त्याने सहज रजिस्टर केला, आणि वर्म तो डोमेन जिवंत दिसला की गप्प बसायचा!

त्याच वर्षी जूनमध्ये 'नॉटपेट्या'. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला आणि मर्स्क कंपनीच्या नेटवर्कमधून थेट आपल्या न्हावा शेवापर्यंत पोहोचला. जेएनपीटीमधल्या एका टर्मिनलचं काम अडलं, कंटेनर खोळंबले. तोही पैसे मागत होता, पण पैसे भरून फाइली परत मिळायची सोयच त्यात नव्हती. वेश खंडणीखोराचा, काम जाळपोळीचं. पुन्हा तेच, नाव बघून पैसे भरणारा फसला. आणि पुणेकरांना २०१८ चा ऑगस्ट आठवत असेलच. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून एटीएमच्या व्यवहारांना खोटी मंजुरी दिली गेली आणि ९४ कोटींच्या वर पैसे गेले, बरेचसे परदेशातल्या एटीएममधून. काकूंच्या १८,६०० च्या बाजूला हा आकडा लिहून बघितला की एक कळतं, बँकेची बातमी होते.

पुण्यातलीच एक चांगली गोष्टही सांगते, नाहीतर सगळं रडगाणंच होईल. साताऱ्याकडचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे. धाकट्या भावाला, संजयला, त्यांनी कॉम्प्युटर शिकायला लावलं. गिऱ्हाइकांच्या मशीनवरचे व्हायरस काढता काढता संजयने नव्वदच्या दशकात स्वतःच अँटिव्हायरस लिहिला, त्याचं क्विक हील झालं. कैलास काटकरांचं शिक्षण दहावीपर्यंतचं. एटीकेटीवाल्यांनी धीर सोडू नये.

तर या दिवाळीत घरी गेलात की फराळाला बसण्याआधी आईबाबांच्या आणि आजीच्या फोनच्या सेटिंगमध्ये जा. 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' मध्ये व्हॉट्सॲपपुढचं बटण बंद करा, आणि एसएमएसची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या मेसमध्ये फळ्यावर मेनूच्या खाली १९३० लिहून ठेवलंय. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यापुढे 'रुपये फक्त, मेस बिल' असं जोडलं होतं. काकूंनी ओल्या फडक्याने तेवढंच पुसलं, नंबर ठेवला.